आजऱ्याची म्हणून बसलेली गाडी

कोल्हापूरहून परत आले त्याला पंधरा दिवस झाले. तेव्हापासून आमच्या बचत गटातली प्रत्येक बाई विचारते, "अंबाबाई कशी आहे वो?" बरी आहे, म्हणते मी. खरं सांगायचं तर मी देवळात एकदाच गेले, तेही निघायच्या आदल्या दिवशी, आणि देवीपेक्षा पुढच्या बाईचा अंबाडाच जास्त दिसला. रंकाळा रिक्षातून पाहिला. पन्हाळा पाहिलाच नाही. तरी लिहायला बसले, कारण मी जे पाहून आले ते कुठल्या नकाशावर नाही. मी एक शाळा पाहून आले. ती फ्लॅटच्या हॉलमध्ये भरते. तिच्यात विद्यार्थी दोन, मास्तर दोन, आणि दोन्ही मास्तर दिवसभर मीटिंगमध्ये असतात.

आमचं गाव महाराष्ट्राच्या एका टोकाला, गोंदियाच्याही पलीकडे. कोल्हापूर दुसऱ्या टोकाला. मधे सरळ जाणारी एकच गाडी आहे. तिच्यात एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस बसावं लागतं. त्या बसण्याबद्दल काय लिहायचं? बसले, एवढंच.

माझी लेक वर्षा तिथं कसबा बावड्यात दिली आहे. ती संगणकावरचं काम करते, जावई रणजितरावही तेच करतात, आणि दोघंही घरूनच करतात. सई नऊ वर्षांची, शौर्य पाच वर्षांचा. दोघं शाळेत जात नाहीत. तिकडे याला होमस्कूलिंग म्हणतात. आमच्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण चौथीनंतर माझंही हेच झालं होतं. फक्त माझ्या बापानं भिंतीवर रंगीत तक्ता लावला नव्हता, मांडीवर तेंदूपत्त्याचं सूप दिलं होतं. त्या सुपात मी लग्न होईपर्यंत बिड्या वळल्या.

मुलांना सांभाळणारी बाई काम सोडून गेली म्हणून वर्षानं मला बोलावलं. वातानुकूलित डब्याचं तिकीट पाठवलं. आनंद झाला, आणि त्याच क्षणी एक प्रश्नही पडला. ज्या घरात पोरं काहीही विचारू शकतात तिथं चौथी सोडलेल्या बाईनं महिनाभर तग कसा धरायचा?

बावड्यातली शाळा

पहिल्या दिवशी जाग आली ती वासानं. साखर कारखान्याची मळी, उसाचा पाला आणि खालच्या शेडमधलं शेण, असा तिन्हींचा मिळून एक वास होता. जावयांच्या शेतातच ही इमारत उभी राहिली. म्हणून विहीणबाई तळमजल्यावर, त्यांच्या दोन म्हशी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि लेक-जावई तिसऱ्या मजल्यावर.

विहीणबाईंचं नाव हौसाताई. आवाज असा की तळमजल्यावरून बोलल्या तरी तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगमध्ये ऐकू जातं.

"या पावणं! शाळा बघाय आलासा न्हवं? बगा, बगा. घंटा न्हाई, दप्तर न्हाई, मास्तर दाराआड. पन सुट्टी बी न्हाई बरं का! पोरगं परसाकडं बसलं तरी ही बाई दाराभाईरनं इचारतीया, काय शिकलास म्हून."

मी हसले. आमच्याकडे विहिणीसमोर असं कुणी बोलत नाही. आमच्याकडे विहिणीसमोर कुणी फारसं बोलतच नाही.

वरच्या घरात पाऊल टाकलं आणि वाचतच राहिले. पंख्यावर 'पंखा' अशी चिठ्ठी. फ्रिजवर 'फ्रिज'. खिडकी, आरसा, मीठ, देव्हारा, सगळ्यांना चिठ्ठ्या. मी सोफ्यावर जरा जास्त वेळ बसले तर मलाही चिकटवतील की काय, असं वाटलं.

भिंतीवर तक्ता. सात ते आठ निसर्गनिरीक्षण, म्हणजे खाली जाऊन म्हशी बघणं. मग स्वयंपाकातून गणित, म्हणजे मी पोळ्या लाटायच्या आणि शौर्यनं मोजायच्या. मग वाचन. मग स्वतंत्र शोध, म्हणजे आईबाबांची मीटिंग. प्रत्येक रकान्यापुढं रोज बरोबरची खूण करायची, आणि ती मुलांनी स्वतःच करायची. "स्वमूल्यमापन आहे ते आई," वर्षा म्हणाली. आमच्या काळी गुरुजी खूण करायचे आणि आम्ही मार खायचो, त्यापेक्षा हे बरंच सुधारलेलं.

त्या घरात काहीही वाया जात नाही. शौर्यनं दूध सांडलं, तर ते द्रवपदार्थ. दोघं भांडले, तर तो संवाद. एकदा मी जवसाची चटणी कुटत होते, तर वर्षा मीटिंग तशीच सोडून फोन घेऊन आली आणि म्हणाली, "आई, जरा हळू कूट, मुलांचा हात पण दिसू दे." फोटो निघाला, खाली लिहिलं गेलं: 'पारंपरिक अन्नप्रक्रिया'. चटणी कुणी खाल्ली नाही, तिखट नव्हती म्हणून.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या घरात कुणीही कधी 'माहीत नाही' म्हणत नाही. सईला काहीही विचारा, उत्तर तयार. ज्वालामुखी, मधमाशी, शुक्र ग्रह. पोरगी घडाघडा बोलायची. मी हातातलं काम थांबवून ऐकायची आणि मनातल्या मनात वर्षाचे पाय धरायची. आम्ही काय होतो, आणि ही पोट्टी काय झाली!

वर्षाच्या उपकारांचं किती सांगू. आल्या आल्या तिनं मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन नवीन चष्मा करून दिला. पूर्वी गावात कुणी कागद पुढं केला की मी म्हणायची, "चष्मा घरी राहिला वो." दहा वर्षं म्हटलं असेन, आणि तेव्हा माझ्याकडे चष्माच नव्हता. त्याचं कारण पुढं येईल.

गुरुवार

गुरुवार हा सहलीचा दिवस. त्या गुरुवारी आजऱ्याला जायचं ठरलं होतं. तिथं रणजितरावांच्या मावशींची काजू फोडायची शेड आहे. रणजितराव गाडीनं नेणार होते. सकाळी आठला त्यांचा फोन वाजला आणि त्यांचा चेहरा मीटिंगसारखा झाला.

"आई, तुम्ही एसटीनं न्याल का पोरास्नी? सईला ठाऊक हाय की सगळं. गेल्या महिन्यात आम्ही एसटीनंच गेलतो. मावशी स्टँडवर येईल घ्यायला."

"सार्वजनिक वाहतूक हाही एक अनुभव आहे," वर्षा लॅपटॉपमधून म्हणाली.

तेवढ्यात शौर्य माझ्या चष्म्यावर बसला. एक काडी इकडे, एक काच तिकडे. माझ्या तोंडून निघालं, "आता बोर्ड कसा वाचू?"

"सई आहे ना! तिचं वाचन वयाच्या किती पुढं आहे तुला कल्पना नाही."

मी सईकडे पाहिलं. ती बूट घालत होती. एक बूट घालायला किती वेळ लागावा?

कोल्हापूरच्या स्टँडवर गाड्या खूप, माणसं त्याहून खूप, आणि भोंग्यातून कुणीतरी सतत काहीतरी सांगत असतं ते कुणालाच कळत नाही. सई मात्र माझा हात धरून थेट चालत गेली. मी म्हटलं, "वाच ना बाई बोर्ड." तिनं मान वर केली, खाली केली. "हीच आजी. आजऱ्याची."

बसलो. गाडीत कॉलेजची मुलं, भाजीच्या पाट्या, एक शेळी. कंडक्टर मागून तिकिटं फाडत आमच्यापर्यंत येईतो अर्धा तास गेला. बाहेर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्याकडे इतकं हिरवं म्हणजे धान, आणि धानात माणूस दिसतो. उसात हत्ती गेला तरी दिसायचा नाही.

"आजरा," मी म्हटलं. "बाईचं हाफ आणि पोरांचंही हाफ." शासनाच्या हिशेबानं आम्ही तिघंही अर्धेच.

कंडक्टरनं कपाळावर हात मारला. "आजरा? आवं मावशी, ही राधानगरी हाय की! बोर्ड न्हाई वाचला?"

"माझा चष्मा तुटला ना भाऊ. पोट्टीनं वाचला."

"व्हय गं? कितवीत हाईस?"

सई खिडकीबाहेर पाहू लागली. उत्तर शौर्यनं दिलं. "आम्ही कितवीत नसतो. आम्ही घरी असतो."

"मग घरातच बसायचं न्हवं!" कंडक्टर म्हणाला आणि सगळी गाडी हसली. मला वाटतं शेळीसुद्धा. मग त्यानंच घंटी मारली. "हितं उतरा. समोरनं कोल्हापूरची गाडी येती तासाभरात. आवं, रडू नगंस गं पोरी, गाडी चुकली म्हंजी काय आयुष्य चुकलं व्हय?"

फाट्यावरचं गुऱ्हाळ

फाट्यावर एक वडाचं झाड, एक बंद टपरी, आणि पन्नास पावलांवर धूर. गुऱ्हाळ. मी मावशींना फोन करून गाडी चुकल्याचं सांगितलं. मग म्हटलं, चला, काजू नाही तर गूळ. सहल ती सहल.

गुऱ्हाळ मी पहिल्यांदाच पाहिलं. खाली चुलवाणात उसाची वाळलेली चिपाडं ढकलायला एक माणूस, वर खोलीएवढी पसरट लोखंडी काहील, तिच्यात पिवळा रस खदखदतोय. तिच्या काठावर बनियन घातलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला एक म्हातारा हातात लांब फावडं घेऊन उभा. हा गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा. बाकीचे त्याला बापू म्हणत होते.

"या पावणं, बसा. पोरास्नी काकवी द्या रं!" बापू म्हणाले. पण आमच्याकडे पाहिलं नाही. डोळे काहिलीत.

पातळ गरम काकवी वाटीतून प्यायलो. गोड इतकं की कानात ऐकू आलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. वर्षा. "आई, काजूचा फोटो पाठव ना, मुलांचे चेहरे येऊ देत."

"फोन हितं न्हाई चालत," बापू म्हणाले, अजून काहिलीतच बघत. "भाईर जावा. माज्या पोराला बी हीच सवय. एक फोन घ्यायला गेला आन् आख्खी काहील करपवली. फेस बघत ऱ्हायचं बगा. दुसऱ्यानं बघितला आसंल म्हनून भागत न्हाई."

मी वर्षाला म्हटलं, इथं रेंज नाही, आणि फोन बंद केला. हे त्या दिवसातलं माझं पहिलं खोटं.

सई वाटी हातात घेऊन काहिलीकडे चालत गेली. भिंतीवर लाल रंगात हाताएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ती त्याच्या खालून सरळ पुढं गेली.

"ए पोरी!" बापूंनी फावडं आडवं घातलं. "माग सर! एवढं मोठं लिवलंय भित्तीवर, काहिलीजवळ येऊ नये म्हून. वाचता येत न्हाई व्हय?"

रागात कुणीही असं म्हणतं. मला हजार वेळा म्हटलं गेलंय. पण सईच्या हातातून वाटी पडली आणि ती अशी रडायला लागली की चुलवाणाजवळचा माणूस उठून आला. बापूंनी पहिल्यांदा काहिलीवरून नजर काढली. "आरं तिच्या! म्या काय म्हनलो?"

मी मात्र समजले. सकाळचा बूट, स्टँडवरची वर गेलेली आणि लगेच खाली आलेली मान, खिडकीबाहेर गेलेले डोळे. हे सगळं मी पूर्वी कुठंतरी पाहिलं होतं. आरशात.

बाहेर चिपाडांच्या ढिगावर बसलो. शौर्यला ऊस दिला, तो त्याच्याशी झुंजत बसला.

"अक्षरं येतात मला," सई म्हणाली. "सगळी येतात. पण शब्द केला की पळतात. तिसऱ्या अक्षराला पोचते तोवर पहिलं गेलेलं असतं."

"मग घरातल्या चिठ्ठ्या?"

"फ्रिजवर दुसरं काय लिहिणार आजी?"

बरोबर होतं तिचं.

"आणि तुझी ती डायरी? पानंच्या पानं लिहिलेली?"

"मी बोलते, फोन लिहितो. पुस्तक असलं की फोन वाचून दाखवतो. दोनदा ऐकलं की पाठ होतं."

"आणि आजची गाडी?"

"बाबांबरोबर गेले तेव्हा तिसऱ्या फलाटावर होती." मग माझा पदर धरून म्हणाली, "आईला नको सांगूस. रविवारी मला वाचायचंय."

रविवारचं तुम्हाला सांगायला हवं. कोल्हापुरात अशी घरी शिकणारी दहा-बारा कुटुंबं आहेत. महिन्यातून एकदा ती एका बागेत गोल करून बसतात आणि प्रत्येक मूल आपल्या सहलीचं वर्णन वाचून दाखवतं. या वेळी हौसाताईही येणार होत्या. गेली चार वर्षं त्या सुनेला ऐकवत होत्या, पोरांचं वाटोळं करशील. वर्षानं आग्रहानं बोलावलं होतं, एकदा ऐकाच म्हणून.

माझ्या तोंडात अजून काकवीची गोडी होती. सांगितलं तर लेकीची मान विहिणीसमोर खाली. नाही सांगितलं तर या पोरीची मान जन्मभर अशीच, वर जाणार आणि लगेच खाली येणार.

म्हणून मी तिला माझं सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चौथी सोडली तेव्हा मला धड वाचता येत नव्हतं. पुढच्या बाकावरची पोरगी वाचायची ते मी पाठ करायची. लग्न झालं, तरी तसंच. कुणी कागद दिला की चष्मा घरी राहिला.

"म्हणजे तू पण फेकायचीस?" सईचे डोळे एवढे झाले.

"दहा वर्षं."

"पण आज तर चष्मा खरंच तुटला."

"हो ना. एकदा खरं बोलले, तर राधानगरीची गाडी मिळाली!"

ती रडता रडता हसली. आणि मी, शहाणी आजी, तिला वचन दिलं की आईला सांगणार नाही. बापूंनी निघताना गरम गुळाचा गोळा उसाच्या पानात बांधून दिला आणि सईच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माजं. वाचाय मला बी येत न्हाई पोरी. ते भित्तीवरचं पोरानं लिवलंय."

शनिवारचा रस्सा

शुक्रवारी मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण प्रवासवर्णन म्हटलं की सगळंच आलं. गाडी चुकली ती माझ्यामुळे, असं घरी आधीच सांगून टाकलं होतं. सईनं गुऱ्हाळाची हकीगत फोनला सांगितली, फोननं लिहिली, छापून दोन पानं निघाली. फोननं वाचून दाखवली, आणि ती तोंडपाठ करून घेतली मी. स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता. वर्षा दारातून पाहून गेली आणि तक्त्यावर वाचनापुढं स्वतःच्या हातानं फूल काढून गेली.

शनिवारी दुपारी हौसाताईंनी वर मटण पाठवलं आणि मागोमाग स्वतः आल्या. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. पांढरा बघून मी फसले, दिसायला गरीब असतो तो. आमच्याकडे तिखट लाल असतं आणि लाल दिसतं. इथं पांढरंसुद्धा मागून येऊन मारतं.

"सई, उद्याचं खालच्या आजीला एकदा ऐकव," वर्षा म्हणाली. तिला वाट बघवत नव्हती.

सई उभी राहिली. हातात दोन पानं. सुरुवात केली ती अशी की मीही क्षणभर विसरले. काहील, फेस, बापूंचं फावडं, चिपाडांचा ढीग. ठिकठिकाणी थांबत होती, मान हलवत होती, बोट ओळीवरून फिरवत होती. रणजितरावांनी लॅपटॉप बंद केला होता, हे मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं. वर्षाच्या डोळ्यांत पाणी. हौसाताईंचा घास हातातच.

संपलं. वर्षानं टाळी वाजवायला हात उचलले.

"ताई," शौर्य मटणाची नळी चोखत म्हणाला, "तू पान उलटलंच नाहीस."

वर्षाचे हात तसेच थांबले. दुसरं पान पहिल्याच्या मागं तसंच होतं. सईनं ते पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

वर्षानं पुस्तकांच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं आणि पुढं केलं. आवाज अगदी मऊ. "हे वाच बाळा." सईनं पुस्तक घेतलं. पहिलं अक्षर. दुसरं. खूप वेळानं तिसरं. मग पुस्तक मिटून तिनं पोटाशी धरलं.

"रणजित," वर्षा म्हणाली, "वाचन तू घेत होतास ना?"

"मी? मला वाटलं तू घेतीस."

दोघं उठून तक्त्याकडे गेले. वाचनाच्या रकान्यात 'जबाबदारी' खाली लिहिलं होतं, पालक. कुठला पालक ते लिहिलं नव्हतं. समोर दोन वर्षांच्या बरोबरच्या खुणा, एकही दिवस चुकलेला नाही. सईनं स्वतः केलेल्या.

हौसाताईंनी हात धुतला. आता काय बोलतात म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. "आमच्या घराण्यात शाळा चुकवनारी लई झाली," त्या म्हणाल्या. "माजा नवरा तर मास्तरला बघून इहिरीत उडी टाकायचा. पन शाळा घरात आनून ती बी चुकवनारी ही पयलीच. बुद्धीची हाय पोरगी!" आणि सईला मांडीवर ओढून घेतलं. सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत. ते टोमण्यापेक्षा जड होतं.

वर्षा स्वयंपाकघरात गेली. मी मागून.

"आई, तुला कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"आणि काल तू तिच्याकडून पाठ करून घेत होतीस? तू? ज्या बाईनं मला पावसात नाल्यातून खांद्यावर बसवून शाळेत नेलं?"

"मले वाटलं, एवढी शिकलेली तू. तुझ्या शाळेले मी चौथीवाली काय बोलू?" मग जे पोटात होतं ते बाहेर पडलं. "मले वाचता येत नव्हतं वर्षा. तू पहिलीत गेली तेव्हा तुझ्याजवळ बसून मी शिकली. तू अक्षर गिरवायची, ते मी बाजूला राखेत गिरवायची. जे येते ते तूच शिकवलं मले."

ती ओट्याकडे वळली. ओट्यावर चिठ्ठी होती, 'ओटा'.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तू माझा अभ्यास तपासायला बसायचीस. तू बघते आहेस म्हणून मी चूक करायची नाही."

एवढंच. मग तिनं 'ओटा' ही चिठ्ठी नखानं सोलून काढली, आणि आम्ही दोघींनी रश्शाची भांडी घासली.

रविवारी वर्षा बागेत गेली. सईचं पान कुणी वाचलं नाही. गोलात वर्षानंच उभं राहून झालं ते सांगितलं, काहीही न झाकता. आधी सगळ्यांनी एकदम तिला धीर दिला, आणि मग प्रत्येक आई आपल्या मुलाकडे जरा निराळ्या नजरेनं बघू लागली. त्या संध्याकाळी कोल्हापुरात किती घरांत पुस्तकं मधूनच उघडली गेली असतील, देव जाणे.

म्हशींची शाळा

मी तिकीट तीन आठवडे पुढं ढकललं. वाचनाचा वर्ग आता सकाळी सातला म्हशींच्या शेडमध्ये भरतो. कारण हौसाताईंनी फर्मान काढलं, "शेडात फोन वाजला की म्हस बुजती, दूध चोरती. फोन वरच ठेवून यायचं." तिसऱ्या मजल्यावर जे कुठल्या तज्ज्ञाला जमलं नसतं ते दोन म्हशींनी केलं. एक दिवस वर्षा, एक दिवस रणजितराव, उलट्या बादलीवर बसून, पोरीच्या शेजारी. अर्धा तास. सई अडली की शेजारचा माणूस थांबतो. घाई फक्त म्हशीला.

जूनमध्ये शाळेत घालायचं की नाही यावर चर्चा चालू आहे. त्या घरात चर्चा चालूच असते. मुलांच्या वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या एका बाईंकडेही सईला दाखवलं. त्या म्हणाल्या, काही मुलांना अक्षरं पळताना दिसतात, वेळ लागतो, शिकतात. ते ऐकून मी घराबाहेर येऊन पायरीवर बसले. चौथीत मला सगळे ढ म्हणायचे. मीही तेच धरून चालले होते.

निघायच्या दिवशी सगळे स्टेशनवर आले. हौसाताईंनी गुळाची ढेप, भडंग आणि चटणी दिली. "हे तुमच्या गावातल्या बायास्नी द्या, म्हंजी कळंल तिखट काय असतंय." दोन फलाटांवर दोन गाड्या उभ्या होत्या. माझा चष्मा पुन्हा नवीन करून मिळाला होता, नाकावरच होता. दोन्ही पाट्या मला लख्ख दिसत होत्या.

"सई, माझी गाडी कोणती?"

तिची मान वर गेली. मी वाट पाहिली. खाली आली नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्या घरातल्या कुणाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"थांब, वाचते."

लोक धक्के देत होते. हमाल ओरडत होता. रणजितराव घड्याळ बघून पुढं झाले, "आई, ती बगा..." तर हौसाताईंनी त्यांचं मनगट धरलं. "गप की रं! पोरगी वाचतीया."

सईनं बोट हवेत धरून एक एक अक्षर पकडलं. एकदा निसटलं, ती परत पहिल्यापासून आली. ओठ हलत होते. वर्षा तिच्या शेजारी नुसती उभी होती.

"गों... दि... या," सई म्हणाली. "गोंदिया. ही तुझी आहे आजी. बस."

मी चष्मा काढून पिशवीत ठेवला, आणि बसले.